एका थेंबाचं भान

असरची नमाज संपते आणि उरणच्या बाजारपेठेत रमजानची संध्याकाळ सुरू होते. खजुरांचे ढीग, कलिंगडाच्या फोडी, कढईतून निघणारे समोसे आणि भजी. मोरा बंदराच्या बाजूने येणारा खारा वारा त्यात सुक्या मासळीच्या वासाचा आपला वाटा मिसळून जातो. या गर्दीत मशिदीजवळ घडीचं टेबल मांडून अत्तरवाला बसलेला असतो. काचेच्या टोपणांच्या कुप्या ओळीने लावलेल्या: मजमुआ, शमामा, खस, हिना, केवडा, मोगरा. थांबणाऱ्याच्या मनगटावर तो टोपणाची काडी हलकेच फिरवतो. पैसे नंतर, आधी वास. कोणी सुगंध पुढे केला तर तो नाकारू नये, ही इस्लामची जुनी शिकवण. त्यामुळे त्या टेबलासमोर गिऱ्हाईक आणि पाहुणा यांत फरक उरत नाही.

अलीकडे मात्र अशा टेबलांवर, औषधाच्या दुकानांत आणि मॉलच्या कपाटांत आणखी एक जात दिसू लागली आहे. तपकिरी काचेच्या, ड्रॉपर बसवलेल्या छोट्या बाटल्या. लव्हेंडर, निलगिरी, टी ट्री, लेमनग्रास, पुदिना. वर लिहिलेलं असतं, ‘शंभर टक्के शुद्ध’ आणि ‘अरोमाथेरपी’. रोज्याच्या दिवसात डोकं जड झालं, झोप अपुरी पडली, सर्दीने नाक चोंदलं की हात आपोआप या बाटलीकडे जातो. गणपतीत, दिवाळीत शेजारच्या घरातही तेच होतं. आणि घोटाळा इथेच होतो. अत्तर लावतात तसंच हे लावायचं, अर्क पितात तसंच हे प्यायचं, असा समज करून घेतला जातो. कुप्या शेजारी असल्या तरी आतल्या वस्तू वेगळ्या आहेत.

द्रोणागिरीची सावली

वनस्पतीच्या गुणांवर उरणकरांचा विश्वास नवा नाही. गावाच्या डोक्यावर उभा असलेला द्रोणागिरी डोंगर म्हणजे संजीवनीसाठी मारुतीने उचललेल्या पर्वताचा निखळलेला तुकडा, असं इथले जुने लोक सांगतात. त्याच डोंगराच्या सावलीत मुस्लिम मोहल्ल्यांत आजीच्या डब्यात कलौंजी, ओवा आणि लोबान असतो, तर आगरी-कोळी घरांच्या परसात तुळस आणि गवती चहा. पावसाळ्यात सर्दी झाली की गवती चहाची दोन पाती दोन्हीकडच्या पातेल्यात पडतात.

या गवती चहाचा एक सख्खा भाऊ महाराष्ट्रातच आहे आणि त्याची कथा सुगंधी तेलांबद्दल पुष्कळ काही शिकवून जाते. तो म्हणजे रोशा गवत. संस्कृतात रोहिष, बाहेरच्या बाजारात पामारोझा. गवती चहाला लिंबाचा वास, वाळ्याला ओल्या मातीचा, तर रोशाला चक्क गुलाबाचा.

खानदेशात, नंदुरबार, तळोदा, पिंपळनेर या पट्ट्यातल्या डोंगरउतारांवर हे गवत आपसूक वाढायचं. फुलोरा आला की ते कापून ओढ्याकाठी आणायचे. दगडाच्या चुलीवर मोठं भांडं, त्यात पाणी आणि ठासून भरलेलं गवत. झाकण चिखलाने लिंपून बंद करायचं. झाकणातून निघालेली बांबूची नळी ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरायची. गवतातून गेलेली वाफ तेलाला सोबत घेऊन येते, गार पाण्यात थंड होते आणि पाण्यावर तेलाचा पिवळसर तवंग जमतो. शंभर किलो गवतामागे तेल मिळतं साधारण अर्धा किलो. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा धोका त्यातच दडलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे आणि तिथून इस्तंबूलला जात असे. तिथे ते उन्हात ठेवून, डिंकाच्या पाण्याने धुऊन फिकं केलं जाई आणि मग गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जाई. एक किलो गुलाबतेलाला काही हजार किलो पाकळ्या लागतात. त्यापुढे गवताचं तेल म्हणजे फुकटच. युरोपातल्या व्यापाऱ्यांना ते तुर्कस्तानातून मिळे, म्हणून त्यांनी त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असं नाव दिलं. माल खानदेशचा, नाव तुर्कस्तानचं आणि वास गुलाबाचा! १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून एक द्रव्य वेगळं केलं, त्याचं नाव जिरॅनिऑल. गुलाबाच्या वासातही तेच द्रव्य असतं, म्हणून भेसळ ओळखणं अवघड जाई.

आज रोशाची शेती होते, लखनौच्या ‘सीमॅप’ या सरकारी संस्थेने त्याची सुधारित वाणं दिली आहेत. साबण, अत्तर, डास पळवणारी मलमं यांत ते वापरलं जातं. पण दीडशे वर्षांपूर्वीचा धडा तसाच ताजा आहे. सुगंधाच्या धंद्यात नाकावर आणि लेबलावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

घाम आणि सूर्य

ऊर्ध्वपातनाची ही कला उरणलाही परकी नाही. ब्रिटिश काळात उरण दोन गोष्टींसाठी ओळखलं जाई, मिठागरं आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. मुंबईला जाणारी दारू इथे गाळली जाई. भांडं तेच, नळी तीच, तत्त्वही तेच. आत काय घातलं आणि बाहेर आलेलं कशासाठी वापरलं, एवढाच फरक.

‘अर्क’ या शब्दातही दोन भाषा भेटतात. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, तर अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भांड्याच्या अंगावर जमणाऱ्या थेंबांना घामाची उपमा देऊन अरबांनी गाळलेल्या द्रवाला हे नाव दिलं आणि मराठीने तो शब्द आपलासा केला. ‘अत्तर’ हाही अरबी ‘इत्र’. नवव्या शतकात अल-किंदीने सुगंध आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला. इब्न सीनाला (९८०–१०३७) या कलेचं श्रेय अनेकदा दिलं जातं, पण ती त्याच्या आधीपासून चालत आली होती. भारतात वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर अख्खा अध्याय आहे. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचं श्रेय बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. आणि सुगंधविद्येवरच्या ‘गंधवाद’ नावाच्या संस्कृत रचनेवर चक्क मराठी टीका लिहिली गेली होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी त्या हस्तलिखिताकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. म्हणजे सुगंध कसा करावा याची चर्चा मराठीत शतकांपूर्वी झाली आहे.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द मात्र विसाव्या शतकातला. रेने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला. जखम चिघळली तेव्हा त्याने लव्हेंडरचं तेल वापरलं आणि पुढे १९३७ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून सुगंधी तेल अत्तरदाणीतून औषधाच्या कपाटात शिरलं.

उपयोग किती, बोलबाला किती

या तेलांचा उपयोग अजिबात नाही असं नाही. आवडता वास मन हलकं करतो, हे कोणालाही सांगावं लागत नाही. लव्हेंडरच्या वासाने काही रुग्णांची धास्ती कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत. पुदिन्याचा वास मळमळीवर वापरला जातो, पण त्याबाबतचा पुरावा कच्चा आहे. रोशा तेलात आणि जिरॅनिऑलमध्ये बुरशीला रोखण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. डासांनाही ते काही वेळ दूर ठेवतं, मात्र उडून जात असल्याने पुन्हा पुन्हा लावावं लागतं. खाडीकाठच्या उरणात डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत तेवढ्यावर विसंबून मच्छरदाणी गुंडाळून ठेवणं परवडणारं नाही.

मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉईड किंवा कॅन्सर सुगंधी तेलाने बरा होतो, या दाव्यांना आधार नाही. रमजानमध्ये याला विशेष महत्त्व आहे. रोजा सुरू करण्याआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या असतात. त्याऐवजी ‘नैसर्गिक’ तेलावर भागवलं, तर नुकसान तेलाने नव्हे, सुटलेल्या गोळीने होतं.

शुद्ध म्हणजे सौम्य नव्हे

आता त्या अर्ध्या किलोच्या हिशेबाकडे परत येऊ. शंभर किलो गवतातलं जे अर्ध्या किलोत आलं, ते गवताइतकं सौम्य कसं राहील? चहातल्या दोन पाती आणि बाटलीतलं अर्धा चमचा तेल यांत तोच फरक आहे, जो उसाच्या कांड्यात आणि साखरेच्या पोत्यात. पारंपरिक अत्तरात फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवलेला असे. आता स्वस्त अत्तरात चंदनाऐवजी पातळ पॅराफिन आणि कृत्रिम सुगंध असतो. ‘अल्कोहोलविरहित’ लिहिलं म्हणजे ते फुलांपासून बनलं, असंही नाही. पण अत्तराचा वापर काडीभर, कापसाच्या फायाएवढा. तपकिरी बाटलीतलं तेल मात्र ड्रॉपरने, चमच्याने, कधी थेट पाण्याच्या ग्लासात ओतलं जातं.

सर्वात मोठा धोका लहान मुलांना. निलगिरी आणि कापूर ही नावं घराघरात इतकी ओळखीची की त्यांची भीतीच वाटत नाही. कापूर आरतीच्या तबकात असतो, तसाच मय्यतीच्या गुस्लच्या पाण्यातही असतो. संस्कृत कर्पूर आणि अरबी काफूर ही एकाच पदार्थाची नावं. पण पोटात गेल्यास हाच कापूर मेंदूवर परिणाम करतो. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूर गेला तरी जीव जाऊ शकतो. निलगिरीचं तेल चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर गेलं तर मूल बेशुद्ध पडू शकतं, त्याला झटके येऊ शकतात. अमेरिकेने १९८३ साली औषधी मलमांतल्या कापराचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आत आणलं, ते याच कारणाने. दक्षिण भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टांनीही फिटच्या रुग्णांकडे अशी चौकशी सुरू केली, तेव्हा निलगिरी-कापराची तेलं आणि मलमं वापरल्यानंतर फिट आलेले रुग्ण त्यांना आढळले. त्यात मोठी माणसंही होती.

बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला बांधलेली ओवा-कापराची पुरचुंडी म्हणूनच विचार करण्यासारखी आहे. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाखाली कापूर, निलगिरी किंवा मेंथॉलचं मलम चोळू नये. त्या तीव्र वासाने बाळाचा श्वास अडू शकतो.

सांधेदुखीच्या तेला-मलमांतलं विंटरग्रीन तेल हेही असंच ओळखीच्या वासाचं आणि अनोळखी ताकदीचं. त्याच्या एका चमच्यात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनएवढं द्रव्य असतं, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी असं मलम रोज चोळण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

रोशा त्यामानाने मवाळ. तरी त्यातलं जिरॅनिऑल काही जणांच्या त्वचेला सोसत नाही. खाज येते, पुरळ उठतं. युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर ज्या सुगंधद्रव्यांचं नाव ॲलर्जीच्या कारणाने छापणं बंधनकारक आहे, त्यांत जिरॅनिऑल आहे. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलाची गोष्ट आणखी वेगळी. ते लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग राहतात. ईदगाहच्या मैदानावर उन्हात बसणाऱ्यांनी आणि मासेमारीला होडीवर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पाण्यात मिसळलेला सुगंध

एक घटना भारतासाठी अधिक लाजिरवाणी. २०२१ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया, कॅन्सस, मिनेसोटा आणि टेक्सास या चार राज्यांत चार जणांना मेलिऑइडोसिस हा दुर्मीळ जिवाणूजन्य आजार झाला. दोघांचा मृत्यू झाला, त्यात एक लहान मूल होतं. चौघांपैकी कोणीही परदेशी गेलेलं नव्हतं. महिनोन्‌महिने शोध घेतल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेला, सीडीसीला, तो जिवाणू सापडला लव्हेंडर-कॅमोमाइलच्या एका अरोमाथेरपी स्प्रेच्या बाटलीत. स्प्रे बनला होता भारतात. सुमारे ३,९०० बाटल्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या.

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक बनलं. जगाशी होणारा व्यवहार रोज ज्या गावाच्या दारातून जातो, त्या गावाला ही बातमी दूरची वाटू नये. डब्यावर देशाचं नाव असतं आणि आतल्या एका बाटलीची हयगय त्या नावाला लागते.

घरासाठीही यात धडा आहे. निव्वळ तेलात जिवाणू सहसा वाढत नाहीत. तेल-पाण्याचं मिश्रण मात्र त्यांना मानवतं. डिफ्यूझरमधलं पाणी रोज ओतून भांडं धुवून कोरडं करावं. घरी बनवलेला स्प्रे आठवडेच्या आठवडे ठेवून वापरू नये.

रोजा आणि वास

रमजानमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे वासाने रोजा मोडतो का? अत्तर लावल्याने किंवा त्याचा वास आल्याने रोजा मोडत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. लोबान-उदाचा धूर मुद्दाम आत ओढणं मात्र टाळायला सांगितलं जातं. औषध घातलेली वाफ घेण्याबाबत आपापल्या मसलकप्रमाणे मौलानांना विचारावं. सोपा मार्ग म्हणजे वाफ इफ्तारनंतर घ्यावी.

आरोग्याच्या बाजूनेही तेच बरं. रिकाम्या पोटी, तहानलेल्या अंगाला उग्र वास सोसत नाही. डोकं चढतं, मळमळतं. दम्याच्या रुग्णाला तर धूर आणि तीव्र सुगंध दोन्ही त्रासाचे. तरावीहच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं. बंद हॉलमध्ये, पंख्याखाली, आपल्या कपड्यांवरचं भरमसाट अत्तर शेजाऱ्याच्या छातीत शिट्टी वाजवू शकतं. नवरात्रीच्या मंडपात आणि लग्नाच्या एसी हॉलमध्येही हाच नियम.

घरात पाळण्याजोगं काही

सुगंधी तेल पिऊ नये. पाण्यात नाही, मधात नाही, सरबतात नाही. तेल पाण्यात विरघळतच नाही, ते थेंबाथेंबाने वर तरंगतं आणि घशाला, पोटाला सरळ लागतं. स्वयंपाकातला केवडा किंवा गुलाबजल ही वेगळी वस्तू आहे, ती खाण्यासाठीच घ्यावी.

अंगाला लावायचं तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब असतात. ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे खोबरेलात ६ थेंब घातले की एक टक्का होतो, १२ थेंबांत दोन टक्के. मोठ्या माणसाला यापेक्षा जास्त लागत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहावी. डोळे, नाकाच्या आतली बाजू, जखम यांपासून दूर ठेवावं.

गरोदर महिला, फिटचे रुग्ण, दमेकरी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापर नको. घरात मांजर असेल तर टी ट्रीसारखं तेल तिच्या अंगाला लावू नये, तिला ते विषासारखं बाधतं. बाटली गडद काचेची, टोपण घट्ट, जागा थंड आणि उंच, मुलांच्या हाताबाहेरची. जुनं झालेलं, वास बदललेलं तेल टाकून द्यावं, कारण हवेने बिघडलेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं. ही तेलं पेट घेतात, तेव्हा समई, निरांजन, लोबानची धुपाटणी आणि गॅस यांच्या जवळ ती नकोत.

मुलाने तेल प्यायलं असं कळलं तर ओकारी काढायला लावू नये. ओकताना तेल फुफ्फुसात उतरलं तर दुखणं वाढतं. मीठपाणी, दूध, लिंबू यांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावं आणि बाटली सोबत न्यावी. मूल हसतंखेळतं दिसलं तरी थांबू नये, झटके काही मिनिटांतही येऊ शकतात.

फायाएवढं

ईदच्या सकाळी उरणच्या मोहल्ल्यात नवे कपडे घालून बाहेर पडण्याआधी कापसाचा एक छोटा फाया अत्तरात भिजवून कानाच्या पाळीत ठेवला जातो. अख्खी कुपी अंगावर ओतणाऱ्याला कोणी शौकीन म्हणत नाही. नमाज झाली की गळाभेट होते, शीरखुर्म्याला शेजारचे पाटील, म्हात्रे, घरत येतात आणि त्या फायाचा वास एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. थोडाच असतो, पण दिवसभर पुरतो.

जुन्या अत्तरवाल्यांना रसायनशास्त्र शिकवायला कोणी गेलं नव्हतं. तरीही ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर काडीच फिरवत आले, बाटली उपडी करत आले नाहीत. तपकिरी बाटल्यांच्या नव्या बाजारात तेवढी एक सवय टिकली, तरी अनेक घरांवरचं संकट टळेल.